व्यायामाचा नेम : तो धरावा कसा व पाळावा कसा ?

दर वर्षीं जून महिन्यांत शाळा उघडली म्हणजे पुष्कळ विद्यार्थी व्यायामाचा नेम धरतात. आणि पालघर-बोईसरकडील पावसाची एकदां संततधार लागली म्हणजे त्यांपैकीं बहुतेकांचा नेम त्या पाण्याबरोबर वाहून जातो. यांत दोष पावसाचा नव्हे, व मुलांच्या आळसाचाही सर्वस्वीं नव्हे. नेम कसा धरावा हें कोणी शिकवीत नाहीं, हें त्याचें खरें कारण होय. म्हणून या विषयाचा थोडा विचार आम्ही येथें करूं इच्छितों.

पहिली गोष्ट अशी कीं, ध्येय मोजतां येईल असें असावें. 'मी यंदा बलवान होईन' हा संकल्प ऐकावयास गोड. परंतु तो पाळला कीं मोडला हें सायंकाळीं कोणास सांगतां येणार? 'मी रोज उठल्यावर बारा बैठका काढीन' याचा हिशेब मात्र लहान मूलही ठेवूं शकेल. पांच ते सतरा वर्षांच्या मुलांमुलींस दररोज सरासरी साठ मिनिटें तरी अंगमेहनत घडावी, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं सांगितलें आहे. परंतु ज्यास आज दहा मिनिटांचीही संवय नाहीं त्यानें एकदम साठ मिनिटांचा हट्ट धरूं नये. एकाएकीं भार पडल्यास अंग दुखावतें, व अंगाबरोबर मनही माघार घेतें. दहांवरून पंधरा, पंधरांवरून वीस, अशी चढण चढावी.

दुसरी गोष्ट, आपली उणीव ओळखून त्याप्रमाणें तयारी करणें. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवचे खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत सहावे आले. मातीच्या आखाड्यांत वाढलेल्या या मल्लास गादीवरील कुस्ती व तिचे नियम नवखे होते. उणीव कोठें आहे हें कळल्यावर त्यांनीं पुढील चार वर्षें पुन्हां तयारी केली. प्रवासखर्चास पैसे नव्हते, तेव्हां कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनीं आपलें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ सालीं हेलसिंकी येथें खाशाबांनीं कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारतास वैयक्तिक खेळांत लाभलेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक होय. सहाव्या क्रमांकानें ते खचले असते, तर हें पदक आपणांस लाभलें नसतें.

तिसरी गोष्ट, अडचण येण्यापूर्वींच तिचा तोड ठरवून ठेवणें. हिवाळ्यांत केळव्याच्या अगर चिंचणीच्या किनाऱ्यावर धांवण्यासारखें सुख नाहीं. पण आषाढांत काय करावें? औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा पुष्कळ प्रसार केला व आपल्या संस्थानांतील शाळांत ते सुरू केले. या व्यायामास एका सतरंजीपुरती जागा पुरते. ज्यांस तो आपल्या धर्माचारास अनुरूप वाटत नसेल, त्यांनीं जोर व बैठका काढाव्या. 'पाऊस असेल त्या दिवशीं मी ओटीवर अमुक करीन' असें आधींच ठरलेलें असलें, म्हणजे पाऊस ही सबब उरत नाहीं.

एखादा दिवस चुकलाच, तर नेम मोडला असें समजूं नये, आणि दुसऱ्या दिवशीं दुप्पट व्यायाम करून त्याची भरपाईही करूं नये. ताप असतां तर व्यायाम बंदच ठेवावा. बरें वाटतांच थोडक्यानें पुन्हां आरंभ करावा.

पालकांसही दोन शब्द सांगणें अवश्य आहे. आपणांपैकीं कित्येक तारापूरच्या कारखान्यांत पाळीनें काम करतात, तर कित्येक पहांटेच्या गाडीनें मुंबईस जातात. आपणांस वेळ नाहीं हें आम्ही जाणतों. तथापि भिंतीवरील दिनदर्शिकेंत मुलानें रोज केलेली खूण रात्रीं एकदां पाहण्यास क्षणच लागतो, आणि त्या एका दृष्टिक्षेपानें मुलास जो हुरूप येतो तो रागें भरण्यानें येत नाहीं.

आणखी एक. मुलगी आठवींत गेली कीं तिचें खेळणें बंद करून पाणी भरणें व धाकटीं भावंडें सांभाळणें तिच्या वांट्यास देण्याची चाल अजून पुष्कळ घरीं आहे. हाडांची पुष्कळशी बळकटी याच वयांत सांठते, आणि ती पुढें जन्मभर पुरवावी लागते. या वयांत तिचें मैदान हिरावून घेणें म्हणजे तिच्या उतारवयाची शिदोरी काढून घेणें होय. घरकाम भावाबहिणींत वांटलें, तर दोघांसही खेळावयास वेळ मिळेल.

पौल प्रेषितानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत शर्यतींत धांवणाऱ्यांचा दृष्टांत दिला आहे : नाशवंत मुगुटासाठीं ते सर्व गोष्टींत संयम पाळतात. आम्हांस तर मुगुटही नको. निरोगी शरीर व दिलेला शब्द पाळणारें मन, एवढेंच पुरे. विद्यार्थी मित्रांनो, उद्यां सकाळीं दहा मिनिटें तेवढीं काढा, आणि दिनदर्शिकेंत पहिली खूण करा.