फेन्सला जोडायची फळी

चि. बाळास,


सागाच्या पट्ट्यांचे फोटो पाहिले. पुढून काप सुरेख आलाय, पण मागची कड पिंजलीय. नवं ब्लेड आणायची घाई करू नकोस. मायटर सॉची फेन्स, म्हणजे लाकूड टेकवायची मागची पट्टी, मध्ये तुटक असते. ब्लेड दोन्हीकडे ४५ अंशांपर्यंत वळावं म्हणून तिथे मोठी फट सोडलेली असते. त्या फटीसमोर लाकडाच्या पाठीला टेकूच नसतो, म्हणून तंतू कापले न जाता उचकटतात. बोटभर तुकडा तर त्या फटीत ओढला जाऊन गोळीसारखा उडतो. तिथे सलग फळी हवीच.

पण आधी मशीन काटकोनात आहे का ते पाहा. समांतर कडांची रुंद फळी मधोमध काप, एक तुकडा पालथा कर, दोन्ही सरळ पट्टीला टेकवून कापाची तोंडं जुळव. जी फट दिसेल ती खऱ्या चुकीच्या दुप्पट असते, त्यामुळे केसभर फरकही लपत नाही. फट मिटेपर्यंत फेन्सचे बोल्ट सैल करून जुळवत राहा. यात वेळ गेला तरी जाऊ दे.

फळीला १८ मिमी प्लाय घे, बाक नसलेलं. मुंडी खाली आल्यावर मोटर किंवा गार्ड घासणार नाही एवढीच उंची ठेव. पुढच्या बाजूची खालची कड रंध्याने थोडी मार, म्हणजे भुसा तिथे मावेल. नाहीतर तो मध्ये अडकून लाकूड तिरकं बसतं.

जोडताना प्लग काढलेला हवा. नुसतं बटण बंद असलेलं मला चालणार नाही. फेन्सच्या भोकांतून मागून स्क्रू मार. काप आरपार गेला तरी फळी सुटू नये म्हणून दोन्हीकडे दोन-दोन, पात्याच्या वाटेपासून लांब, आणि टोक पुढे न येणारे. मुंडी एकदा हाताने खाली आणून बघ. मगच प्लग लाव, ब्लेड पूर्ण वेगात आल्यावर सावकाश खाली ने, आणि ते थांबल्यावरच वर घे.

ही फळी फक्त ९० अंशांची. तिच्यातूनच ४५चा काप घेतलास तर फट रुंदावेल आणि पाठ पुन्हा उघडी पडेल. फ्रेमच्या कोपऱ्यांसाठी दुसरी कर आणि दोन्हींवर पेन्सिलीने अंश लिहून ठेव. फळीच्या जाडीएवढी कापाची रुंदी कमी होते, तेव्हा रुंद लाकडासाठी फळी उतरव.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा