आशाताईंचे शेवटचे दोन प्रश्न

सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याच्या पूर्व भागातला माणूस दवाखान्यात येऊन ‘मन उदास आहे’ असं क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, ‘अंग गळून जातंय, छातीत धडधडतंय, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही.’ मग ईसीजी निघतो, रक्त-लघवी तपासली जाते, सलाइन लावलं जातं. रिपोर्ट चांगले आले की ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असं ऐकून तो घरी जातो. पण झालेलं असतं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ जरूर तपासून घ्या. मात्र ते ठीक निघूनही त्रास दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, तर नैराश्याचा विचार व्हायलाच हवा.

सरकारी कागदावर तो विचार झालेला आहे. तिशी ओलांडलेल्यांसाठी आशाताई घरोघरी जो फॉर्म भरतात, त्यात तंबाखू, दारू, कंबरेचा घेर यांच्यानंतर दोन प्रश्न येतात. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटेनासा झालाय का? मन खिन्न, निराश असतं का? उत्तरांना शून्य ते तीन गुण, आणि बेरीज तीनच्या वर गेली की डॉक्टरांकडे पाठवायचं. रक्तदाब आणि मन एकाच कागदावर आणणारी ही तरतूद मला मोलाची वाटते. पण हे प्रश्न उंबऱ्यात उभं राहून, सासू आणि शेजारीण ऐकत असताना विचारले, तर सून ‘नाही’ असंच सांगणार. ज्या घरात कन्नड बोलतात, तिथे ते कन्नडमध्येच विचारायला हवेत.

आणि पाठवायचं म्हणजे कुठे? पूर्व जतमधल्या उमदी-संखकडून मिरज-सांगली शंभर किलोमीटरच्या पुढे. एका तपासणीसाठी दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं जातं, सोबत येणाऱ्याचाही दिवस मोडतो. रक्तदाबाची गोळी गावाजवळ आणि मनाची गोळी जिल्ह्याला, अशी व्यवस्था असेल तर उपचार सुटणारच. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि बरं वाटल्यावरही त्या साधारण सहा महिने चालू ठेवाव्या लागतात. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्यांनी पुढची औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर घेऊनच निघावं.

हे गावपातळीवर जमत नाही, असं कुणी म्हणू नये. शेजारच्या कर्नाटकात, बळ्ळारी जिल्ह्यात, बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने १९८०च्या दशकातच प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांना शिकवून हे काम उभं केलं. त्याच नमुन्यावर १९९६ साली देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. तरीही २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात मानसिक आजार असलेल्यांपैकी बहुतेकांना उपचार मिळत नसल्याचं दिसलं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी उपचार हा हक्क ठरवला आणि विम्यातही मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच संरक्षण द्यायला सांगितलं. शेतकऱ्यांच्या समुपदेशनाचा ‘प्रेरणा प्रकल्प’ राज्याने २०१५ साली सुरू केला, तो मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत. तिथे तो हवाच होता. पण सांगली म्हणजे द्राक्षं आणि साखर कारखाने, असा हिशेब केला की त्याच जिल्ह्यातला दुष्काळी जत नजरेआड होतो. गरज तालुका पाहून ठरवली पाहिजे.

घरच्यांसाठी दोन गोष्टी. माणूस अबोल झाला, ‘माझा आता काय उपयोग’ असं बोलू लागला, तर ‘जीव नकोसा झालाय का?’ हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्याला एकटं सोडू नका आणि लगेच डॉक्टरांकडे न्या. दुसरं, फवारणीची औषधं घरात ठेवू नका. कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घातल्यावर तिथल्या आत्महत्या निम्म्याहून खाली आल्या.

१४४१६ हा ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो. मराठीत बोला किंवा कन्नडमध्ये. आणि पुढच्या ग्रामसभेत पाणी-रस्त्याच्या विषयांबरोबर हेही विचारा: आपल्या ग्रामीण रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात, आणि त्यांनी लिहिलेली औषधं तिथेच मिळतात का? उत्तर नीट मिळालं नाही, तर ठराव करून जिल्हा शल्यचिकित्सकांकडे पाठवा.