‘दिल्ली सफारी’ आणि आमच्या उसातला वाघ

(द्वितीय वर्ष, कला)

लहान मुलांच्या कार्टूनपटावर वार्षिकांकात लेख लिहायचा म्हटल्यावर काही मैत्रिणी हसल्या. मलाही संकोच वाटत होता. पण धाकट्या भावाबरोबर ‘दिल्ली सफारी’ पाहिला आणि त्याने विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर मला अद्याप देता आलेले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

निखिल अडवाणी यांनी दिग्दर्शित केलेला हा हिंदी चित्रपट २०१२ साली प्रदर्शित झाला. तो पुण्याच्या क्रेयॉन पिक्चर्सने तयार केला आणि त्या वर्षीच्या उत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे राष्ट्रीय पारितोषिक त्याला मिळाले. कथा साधीच आहे. मुंबईलगतच्या जंगलावर बिल्डरचे बुलडोझर चालून येतात. सुलतान नावाचा बिबट्या त्यात प्राणास मुकतो. मग त्याचा बछडा युवी, बछड्याची आई बेगम, बजरंगी माकड, बग्गा अस्वल आणि ॲलेक्स पोपट असे सगळे दिल्लीला निघतात. माणूस सर्वांत घातक प्राणी का झाला, हे त्यांना थेट संसदेला विचारायचे असते. आमच्याकडे तहसील कचेरीवर मोर्चा नेतात, तसाच हा जनावरांचा मोर्चा म्हणा ना!

वाटेतले विनोद काही ठिकाणी ओढूनताणून आणलेले आहेत; गाणीही एखाददुसरे कमी चालले असते. असो. मला सर्वांत आवडला तो पोपट. त्याला माणसाची भाषा येते, म्हणून बाकीच्यांना तो हवा. त्याला मात्र शहरातला सुखाचा पिंजरा सोडवत नाही. माकड त्याला अक्षरशः पळवून आणते. हे पाहताना मी मनातल्या मनात ओशाळले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वाघाने आमची शेळी नेली, तेव्हा वनखात्याकडे भरपाईचा अर्ज मीच लिहिला. पंचनाम्यावर आईने अंगठा उठवला आणि वर काय लिहिले आहे ते मी तिला वाचून दाखवले. शेजारच्या दोन घरांचे अर्ज लिहायचे होते, तेव्हा मात्र ‘परीक्षा आहे’ असे सांगून मी टाळले होते.

मी वर ‘वाघ’ लिहिले, ते चुकून नव्हे. आमच्या जुन्नर तालुक्यात बिबट्याला म्हातारी माणसे वाघच म्हणतात. येथे माणिकडोह, येडगाव, वडज ही कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, पाट आले आणि पाटाच्या पाण्यावर ऊस पसरला. ऊस वर्ष-दीड वर्ष उभा असतो. आत गारवा, आडोसा. बाहेर कुत्री, डुकरे, शेळ्या. बिबट्याला आणखी काय हवे? मादी उसातच वीते. त्या पिल्लांनी डोंगरातले जंगल पाहिलेलेच नसते.

२००१ ते २००३ या काळात आमच्या भागात शंभरावर बिबटे पिंजऱ्यात पकडले गेले आणि त्यांतले कितीतरी लांबच्या जंगलांत नेऊन सोडले गेले. जनावर जंगलात गेले, प्रश्न मिटला, असे कोणालाही वाटेल. पण विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निराळेच आढळले : बिबटे जेथे सोडले, त्या जंगलांच्या आसपास माणसांवरील हल्ले वाढले. बिबट्याला त्याची ओळखीची जागा सोडवत नाही. तो परतीची वाट शोधत फिरतो.

आणि येथेच हा चित्रपट मला तोकडा वाटतो. त्यात जंगल एका बाजूला, बिल्डर दुसऱ्या बाजूला. मधे कोणी नाही. बोरिवलीच्या जंगलात वारल्यांचे पाडे आहेत, त्यांना कथेत जागा नाही. रात्रीच्या पाळीची वीज आली म्हणून उसाला पाणी धरायला निघालेला, हातात बॅटरी आणि काठी घेतलेला माझ्या वडिलांसारखा माणूसही नाही. मुलांच्या चित्रपटात एवढे सगळे कसे मावणार, असे कोणी म्हणेल. पण तो पाहणारे मूल त्या उसाच्या कडेनेच शाळेला जात असेल तर?

माझ्या भावाचा प्रश्न तोच होता. चित्रपट संपल्यावर तो म्हणाला, “ताई, यांचं जंगल यांना परत मिळालं. पण आपल्या उसातल्या वाघाने काय मागायचं? ऊस तर आपला आहे.”

मी त्याला झोपायला सांगितले.

गेल्या हंगामात आमच्याच बांधाला लागून तोड चालू असताना दोन पिल्ले सापडली, जेमतेम मांजराएवढी. तोडकऱ्यांनी कोयते खाली ठेवले. वनखात्याची माणसे आली. त्यांनी पिल्ले तपासली आणि दिवस मावळताना टोमॅटोच्या क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवली. रात्री कोणी तिकडे फिरकायचे नाही, अशी ताकीद होती. भाऊ बराच वेळ खिडकीला नाक लावून बसला होता. सकाळी क्रेट रिकामा होता आणि सरीतल्या ओल्या मातीत मोठ्या पंजाचे ठसे उमटले होते.

निम्मा ऊस अजून उभाच होता. मुकादम म्हणाला, दोन दिवसांत रान मोकळे करून देतो.