कृषी क्षेत्रातील सामाजिक उद्योजक आणि प्रारंभिक अनुदान

शेतकऱ्यांच्या अडचणीवर टिकाऊ उपाय उभारणाऱ्या सामाजिक उद्योजकाची खरी कोंडी प्रारंभीच होते. खरीप पिकावरील उपायाची एक चाचणी घेण्यास पूर्ण वर्ष जाते. या काळात विक्री नसते, तारण नसते. तरीही माणसांचे वेतन व प्रवासखर्च चालूच राहतात. कर्ज काढून काम आरंभिल्यास हप्त्याच्या धास्तीने अर्धवट तपासलेला उपाय बाजारात येण्याचा धोका असतो आणि त्याची किंमत शेतकऱ्याला आपल्या हंगामाने मोजावी लागते. म्हणून या टप्प्यावर परतफेडीची अट नसलेला निधी आवश्यक ठरतो.

‘डिजिटल ग्रीन’चा प्रवास या दृष्टीने अभ्यसनीय आहे. बंगळुरू येथील मायक्रोसॉफ्टच्या संशोधन केंद्रात २००६ मध्ये हा प्रकल्प सुरू झाला. स्थानिक शेतकऱ्यांच्याच चित्रफिती तयार करून त्या गावसभेत दाखविणे आणि त्यांवर चर्चा घडविणे, ही त्याची पद्धत. चाचणीसाठी निवडलेल्या १६ गावांपैकी आठ गावे केवळ तुलनेसाठी राखली होती. ‘प्रशिक्षण व भेट’ पद्धतीच्या तुलनेत, खर्चाच्या प्रमाणात, ही पद्धत किमान दहापट परिणामकारक आढळली. २००८ मध्ये स्वतंत्र ना-नफा संस्था स्थापन झाली व पुढील विस्तारास बिल अँड मेलिंडा गेट्स फाउंडेशनचे अनुदान लाभले. पहिल्या निधीतून पुरावा उभा राहिला. विस्तार त्यानंतर झाला.

भारतात कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार पात्र कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक दायित्वासाठी खर्चावी लागते. तथापि, ही कामे राबविणाऱ्या स्वयंसेवी संस्थेस सर्वसाधारणपणे तत्सम कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. त्यामुळे नवोदित उद्योजकाने अनुभवी नोंदणीकृत संस्थेशी सहकार्य करणे हितावह ठरते.

अनुदानाचा प्रस्ताव तयार करताना पुढील बाबी स्पष्ट असाव्यात :

१. तुलनेसाठी कोणती गावे अथवा प्लॉट राखले जातील?
२. प्रति शेतकरी खर्च किती येईल?
३. चाचणीत पिकाचे नुकसान झाल्यास भरपाईची तरतूद कोणती?
४. कोणता निष्कर्ष आल्यास काम थांबविले जाईल?

यांतील तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लेखी मिळाल्याखेरीज विस्तार कार्यकर्त्यांनी कोणाच्याही शेतावर चाचणीची शिफारस करू नये. नव्या प्रयोगाची जोखीम अनुदानाने उचलावयाची असते, अल्पभूधारकाने नव्हे.