केसांची गोळी आणि पीएसएचा आकडा

प्रोस्टेट वाढली म्हणजे अंगात पुरुषी हार्मोन जास्त झालं, असं अनेकांना वाटतं. खरं तर वयाबरोबर टेस्टोस्टेरॉन हळूहळू कमीच होतं, ग्रंथी मात्र वाढत राहते. कारण ग्रंथीच्या आतच एक विकर टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी हे अधिक प्रभावी हार्मोन बनवतं आणि वाढीचा मुख्य हुकूम त्याचा असतो.

हे कळलं १९७४ साली, डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांमुळे. तिथल्या काही मुलांत हे विकर जन्मतःच अपुरं होतं. वयात येताना त्यांचा आवाज फुटला, स्नायू भरले, पण प्रोस्टेट लहानच राहिली आणि पुढे टक्कलही पडलं नाही. हेच विकर रोखणारं फिनास्टराइड १९९२ पासून प्रोस्टेटसाठी वापरात आलं. आपल्या ईशान्य भारतातही आढळणाऱ्या आखूड शेपटीच्या एका माकडाला वयात आल्यावर माणसासारखंच टक्कल पडतं. त्याच्यावरही हे औषध तपासलं गेलं आणि केस सुधारलेले दिसले.

म्हणूनच प्रोस्टेटसाठी पाच मिलिग्रॅमची आणि केस गळतात म्हणून एक मिलिग्रॅमची, अशा दोन्ही गोळ्यांत औषध एकच असतं. मला काळजी वाटते ती इथे. सहा महिने ते वर्षभर घेतल्यावर यातली कुठलीही गोळी रक्तातला पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका तपासायला मोजलं जाणारं प्रथिन, जवळपास निम्म्यावर आणते. रिपोर्टमधला २.५ हा आकडा निर्धास्त वाटतो. प्रत्यक्षात तो ५ समजून वाचावा लागतो. आणि गोळी चालू असताना पीएसए थोडा जरी चढला, तरी तो ‘नॉर्मल’ रकान्यात आहे म्हणून सोडून देऊ नका. कर्करोगाची शंका तिथेच घ्यायची असते. केसांच्या गोळीचं नाव डॉक्टरांना सांगायचं बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. कृपया सांगा. ड्युटास्टराइड या याच प्रकारच्या औषधालाही हेच लागू.

प्रोस्टेटसाठी ही गोळी घेत असाल, तर लघवीची धार दोन महिन्यांत सुधारली नाही म्हणून स्वतःहून औषध बंद करू नका; ग्रंथी आक्रसायला सहा महिने लागू शकतात. तोवर लवकर आराम देणाऱ्या टॅमसुलोसिनसारख्या गोळ्या डॉक्टर जोडीला देतात. सर्दीच्या काही गोळ्यांनी मात्र लघवी तुंबते, त्या विचारल्याशिवाय घेऊ नका. घरात कुणी गरोदर असेल तर फिनास्टराइडच्या तुटलेल्या गोळीला तिने हात लावू नये. पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीलाही हेच डीएचटी लागतं.