अंगावर न पिणाऱ्या बाळासाठी आईचे दूध

हृदयात जन्मजात दोष असलेले, टाळू दुभंगलेले किंवा अपुऱ्या दिवसांचे बाळ पुष्कळदा अंगावर नीट पिऊ शकत नाही. चौल-रेवदंडा परिसरातील अशा बाळास अलिबागला आणि प्रसंगी मुंबईस हलवावे लागते. सर्वांचे लक्ष बाळाकडे असते आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच दिवसांत मागे राहिलेल्या आईचे दूध आटू लागते, हे कोणाच्या ध्यानी येत नाही. बाळ सावरून दूध घेऊ लागते, तेव्हा पान्हा उरलेला नसतो.

स्तनातून दूध जितके निघते, तितके नवे तयार होते. म्हणून प्रसूतीनंतर पहिल्या काही तासांतच हाताने दूध काढण्यास आरंभ करावा आणि चोवीस तासांत किमान ८ वेळा ते काढावे. रात्रीची खेप चुकवू नये. पहिला चीक थेंबभर निघाला तरी तो मोलाचा आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आतड्यांचा जो प्राणघातक दाह होतो, त्याचा धोका आईच्या दुधाने बराच कमी होतो.

ओढणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो; तोवर दूध नळीने द्यावे लागते. टाळू दुभंगलेली असल्यास बाळाला दूध ओढता येत नाही. यात आईचा वा तिच्या दुधाचा काहीही दोष नसतो, हे घरच्या वडीलधाऱ्यांना आवर्जून सांगावेसे वाटते. अशा बाळास उभट धरून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावे. आजीच्या काळातील हे बोंडले नवजात विभागांतही वापरले जाते. मात्र ते प्रत्येक वेळी उकळून घ्यावे. हृदयविकाराचे बाळ पिताना दमते, घामाघूम होते; त्याला थोडे थोडे, वारंवार द्यावे आणि वजनावर डॉक्टरांची देखरेख असावी. डाऊन सिंड्रोममध्ये स्नायू शिथिल असतात, तेथे हनुवटीला बोटाचा आधार पुरेसा ठरू शकतो. गॅलॅक्टोसिमियासारख्या दुर्मिळ विकारात मात्र आईचे दूधही वर्ज्य असते.

आईचे दूध मिळणेच शक्य नसेल, तर दुसऱ्या मातांनी दिलेले दूध उपयोगी पडते. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. दात्या मातांची तपासणी करून, दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवून मगच ते आजारी बाळांना दिले जाते.

आपल्या दमट हवेत काढलेले दूध ४ तासांहून अधिक काळ बाहेर ठेवू नये. फ्रिजमध्ये ते २४ तास ठेवता येते. बर्फाच्या डब्यातून मांडव्याच्या बोटीने ते मुंबईस नेता येते. तरीही आईच बाळाजवळ राहिली तर उत्तम. बाळाची प्रकृती स्थिर असल्यास तिने त्याला छातीशी, त्वचेला त्वचा लावून धरावे, त्यानेही पान्हा फुटतो.

देणगीदारांपैकी काही जण सद्भावनेने दूध-पावडरीचे डबे देऊ करतात. १९९२ च्या कायद्यान्वये अनाथालयाव्यतिरिक्त इतरत्र असे दान करता येत नाही. त्याऐवजी दूध काढण्याचा पंप, बर्फाचे डबे किंवा शहरात बाळाजवळ राहणाऱ्या आईच्या निवासाचा व जेवणाचा खर्च द्यावा.