पहिल्या वर्षाला तोंड देताना

आपापल्या शाळेत पहिली-दुसरी येणारी दीडशे मुलं एका वर्गात बसवली, की त्यांतलं कुणीतरी एकशेपन्नासावं येणारच. गणित साधं आहे, पण फर्स्ट एमबीबीएसच्या पहिल्या चाचणीचे मार्क लागेपर्यंत ते कुणाच्या लक्षात येत नाही. घरच्यांच्या तर नाहीच. त्यांचे पेढे वाटून झालेले असतात आणि चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागलेला असतो. मी धाराशिव जिल्ह्यातल्या मराठी शाळेतली, अकरावी-बारावी लातूरला केलेली. मेडिकलच्या पहिल्या वर्षाचा बराच काळ मी यादीच्या तळाशी काढला. आता फिजिऑलॉजी शिकवते, त्यामुळे तोच प्रकार दर वर्षी टेबलाच्या पलीकडून बघते. नव्या मुलांना जे सांगत असते, ते इथे लिहिते आहे.

१. बारावीची पद्धत इथे उलटते

नीटच्या पेपरात 180 प्रश्न आणि 720 गुण. बहुतेक प्रश्नांचं बरोबर उत्तर समोर छापलेलं असतं, ते चार पर्यायांतून ओळखायचं असतं. दोन वर्षं डोक्याला हीच सवय लावलेली असते: दिसलं की ओळखायचं. मेडिकलला ते पर्याय काढून घेतले जातात. व्हायवाला सर म्हणतात, ‘मीडियन नर्व्ह सांग’, आणि गप्प बसतात. ती कुठून निघते, दंडातून कशी खाली येते, हाताच्या कुठल्या स्नायूंना जाते, मनगटापाशी कापली गेली तर अंगठ्याचं काय होतं, हे सगळं क्रमाने तोंडातून यावं लागतं. आदल्या रात्री तेच पान हायलायटरने पिवळं केलेलं असतं. वाचताना सगळं येतंय असंही वाटलेलं असतं.

टेस्टनंतर माझ्या केबिनमध्ये येणाऱ्या मुलांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘मॅडम, मी वाचलं होतं.’ खोटं बोलत नाहीत ती. खरोखर वाचलेलं असतं. मग ‘अभ्यास कमी पडला’ असं स्वतःच निदान करून ती आणखी जागतात आणि तेच पान तिसऱ्यांदा वाचतात. पुढच्या टेस्टला मार्क तेवढेच, वर झोपेचं खोबरं.

२. मोठ्याने सांगा, आणि मराठीत सांगा

सगळ्यात जास्त उपयोग मला याचा झाला, म्हणून यावर जरा रेंगाळते.

माझी रूममेट मुंबईची, इंग्रजी शाळेतली. लेक्चरमध्ये ती भराभर लिहून घ्यायची आणि मी तिच्याकडे बघत बसायची. तिला सगळं कळतंय अशी माझी समजूत होती. ब्रेकियल प्लेक्ससच्या आदल्या रात्री तिनेच मला विचारलं, ‘तुला हे समजलंय का?’ मलाही समजलेलं नव्हतं. पण ती पलंगावर मांडी घालून बसली होती, तेव्हा काहीतरी सांगणं भाग होतं. म्हटलं, हे बघ, मानेतून पाच मुळं निघतात, सी-फाइव्ह ते टी-वन. वरच्या दोघी एकत्र येतात, खालच्या दोघी एकत्र येतात, मधली एकटीच राहते. झाले तीन ट्रंक. आता प्रत्येक ट्रंकचे दोन फाटे, एक पुढे, एक मागे. मागचे तिन्ही फाटे मिळून पोस्टेरिअर कॉर्ड. पुढच्यांपैकी वरचा आणि मधला मिळून लॅटरल, आणि खालचा बिचारा एकटाच मीडियल. सांगता सांगता मी दोनदा अडले, पुस्तक उघडलं, पुन्हा सांगितलं. त्या रात्री जे बसलं ते आजपर्यंत हललेलं नाही.

यामागचं शास्त्र मला पुढे कळलं. 2006 साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी कॉलेजच्या मुलांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींना उतारा पुन्हा वाचायला सांगितलं, काहींना तो मिटून आठवेल तेवढं लिहायला लावलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. गंमत म्हणजे, आपल्याला नीट आठवेल याची जास्त खात्री वाचत बसलेल्यांनाच होती. हायलायटरवाल्या मुलांना मी हा प्रयोग मुद्दाम सांगते.

मराठी माध्यमातल्या मुलांची अडचण आणखी एक असते. उत्तर डोक्यात तयार असतं, पण इंग्रजी वाक्य जुळवेपर्यंत सर पुढच्या रोल नंबरकडे वळलेले असतात. म्हणून दोन पायऱ्या करा. आधी आपल्या भाषेत समजून घ्या, संज्ञा इंग्रजीच ठेवा. मग तेच चार-पाच शब्दांच्या तुटक इंग्रजी वाक्यांत म्हणून बघा. व्हायवाला व्याकरणाचे मार्क नसतात. ‘इट लाइज बिहाइंड मीडियल एपिकाँडाइल’ एवढ्याने काम होतं. ऑक्टोबर 2022 मध्ये भोपाळला पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तकं प्रसिद्ध झाली, तेव्हा वैद्यकीय शिक्षणाच्या भाषेचा वाद पुन्हा रंगला. तो रंगत राहील. हॉस्टेलच्या खोलीत कुठल्या भाषेत समजून घ्यायचं, हे मात्र तुमच्याच हातात आहे.

३. पुस्तक एक धरा

सीनियर येतात आणि प्रत्येक जण वेगळं पुस्तक सांगून जातो. ग्रे घे, कनिंगहॅम घे, चौरसिया तर हवाच, शिवाय अमुक सरांच्या नोट्स झेरॉक्स कर. टेबलावर थप्पी लागते आणि तिच्याकडे बघूनच धाप लागते. ॲनाटॉमीला बहुतेकांना चौरसिया पुरतो. ग्वाल्हेरच्या कॉलेजात शिकवणाऱ्या या माणसाने मुद्दे पाडून, सोप्या, वहीत काढता येतील अशा आकृत्या देऊन लिहिलं, आणि परीक्षेत नेमकं तेच करायचं असतं. मोठी पुस्तकं शंका निघेल तेव्हा लायब्ररीत उघडावीत.

माझ्या विषयात मी थोडी पक्षपाती आहे. गायटन वाचा असं मी सांगते, निदान हृदय आणि किडनीपुरतं तरी. आर्थर गायटन सर्जन व्हायला निघाले होते. 1946 साली पोलिओ झाला आणि ते स्वप्न संपलं. मग ते फिजिऑलॉजीकडे वळले आणि 1956 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. पुढच्या कित्येक आवृत्त्या त्यांनी एकट्याने लिहिल्या, त्यामुळे पुस्तकभर एकच माणूस शांतपणे आपल्याला समजावतोय असं वाटतं. टेस्ट उद्यावर आली असेल तर मात्र ते उघडू नका. पानामागून पान पटत जातं आणि सकाळ होते.

४. डिसेक्शन हॉलमध्ये पुढे उभे राहा

पहिल्या दिवशी शपथ होते, देहदात्याबद्दल कृतज्ञता व्यक्त केली जाते. 1949 च्या ॲनाटॉमी कायद्याने बेवारस मृतदेह शिक्षणासाठी देण्याची सोय केली. आता देहदान करणारेही पुष्कळ आहेत, म्हणजे टेबलावरच्या माणसाने हे स्वतः ठरवलेलं असू शकतं. त्याचं दडपण येतं, फॉर्मालिनने डोळ्यांतून पाणी येतं, दुपारी मेसमध्ये घास उतरत नाही. याची लाज वाटून घेण्याचं कारण नाही. चक्कर आली तर बाहेर जाऊन बसा, थोड्या दिवसांत सवय होते.

खरा घोळ वेगळाच असतो. पुस्तकात रोहिणी लाल, नीला निळी आणि नर्व्ह पिवळी. टेबलावर सगळंच करड्या-तपकिरी रंगाचं. आदल्या रात्री काय बघायचं ते ठरवलं नसेल, तर दोन तास उभं राहूनही काही दिसत नाही. आणि जे लाजून मागच्या रांगेत उभे राहतात, त्यांना पुढच्यांच्या ॲप्रनच्या पाठी दिसतात. मुली मागे राहतात, खेड्यातून आलेली मुलं मागे राहतात, आणि चिमटा रोज त्याच तिघा-चौघांच्या हातात असतो. तो मागून घ्या. तंतू बोटाने ओढून बघितला की तो कुठल्या स्नायूत शिरतो ते हाताला कळतं.

हॉलबाहेर आपलं शरीर आहेच. दाराला कोपर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, ती अल्नर नर्व्ह. आम्ही स्केच पेनने एकमेकींच्या हातांवर रोहिण्यांचे मार्ग काढायचो, आणि तसेच रंगलेले हात घेऊन मेसमध्ये जायचो.

५. बायोकेमिस्ट्री पेशंटपासून सुरू करा

सर्वाधिक मुलं या विषयाला कंटाळतात आणि तो शेवटच्या महिन्यावर ढकलतात. सायकलींची नावं घोकायची, आठवड्याने विसरायची. क्रेब्स सायकल पाठ होत नाही म्हणून हताश झालेल्यांना मी सांगते, की हान्स क्रेब्स यांनी 1937 मध्ये ती मांडली तेव्हा ‘नेचर’ने त्यांचं पत्र जागेअभावी परत पाठवलं होतं. 1953 साली त्याच कामाला नोबेल मिळालं. याने पाठांतर होत नाही, पण मुलं हसतात, आणि हसली की पुढचं ऐकतात.

पुढचं असं: कॅज्युअल्टीत टाइप वन मधुमेहाचा एक मुलगा येतो. इन्सुलिन सुटलेलं, श्वास खोल आणि जलद, तोंडाला गोडसर वास. का? इन्सुलिन नाही म्हणून पेशींना साखर वापरता येत नाही. मग चरबी फुटायला लागते, ॲसिटिल कोएचा ढीग साठतो, क्रेब्स सायकलला तो पेलत नाही आणि लिव्हर त्याचे कीटोन करतं. कीटोन आम्लधर्मी, म्हणून रक्ताचं आम्ल वाढतं, आणि ते कार्बन डायऑक्साइडवाटे बाहेर टाकायला श्वास जलद होतो. एका मुलाच्या निमित्ताने तीन प्रकरणं झाली आणि थोडी फिजिऑलॉजीही. आता पहिल्या वर्षातच मुलांना वॉर्डात नेतात. आमच्या वेळी ती सोय नव्हती, आम्ही दुसऱ्या वर्षापर्यंत पेशंटचं तोंड पाहिलं नाही.

६. झोपा

यावर निबंध लिहायची गरज नाही. ज्या फिजिऑलॉजीत झोपेचं प्रकरण आहे, तोच पेपर रात्रभर जागून देणारे मी दर वर्षी बघते.

७. नापास झाल्यावर आधी नियम वाचा

नापास झालेल्या मुलाच्या डोक्यात त्या रात्री ‘सगळं संपलं’ एवढंच असतं. म्हणून आधी व्यवहाराचं बघा. आमच्या काळी फर्स्टला राहिलं की सहा महिने मागे, ऑड बॅच. तो शिक्का पुढे वर्षानुवर्षं ओळखीत चिकटायचा. आता पुरवणी परीक्षा लवकर होते, आणि तीत सुटलात तर आपल्याच बॅचबरोबर पुढे जाता. पहिल्या वर्षाला एकूण चार प्रयत्न मिळतात. हजेरीचा नियम मात्र कडक आहे: थिअरीला 75 टक्के, प्रॅक्टिकलला 80. ‘खोलीत बसून नीट अभ्यास करतो’ म्हणून लेक्चर बुडवणारी मुलं परीक्षेच्या तोंडावर इथेच अडकतात.

त्यानंतर उत्तरपत्रिकेचा विचार. कुठल्या प्रकारच्या प्रश्नात मार्क गेले, मोठ्या प्रश्नात की शॉर्ट नोटमध्ये, की व्हायवात? लेखी येतं आणि बोलता येत नाही, त्याचा उपाय वेगळा. काहीच वेळेत लिहून होत नाही, त्याचा वेगळा. शिक्षकाला ‘माझे मार्क वाढवा’ म्हणू नका. ‘मी कुठे पडलो ते दाखवा’ म्हणा. सहसा कुणी नाही म्हणत नाही.

८. प्रश्न अभ्यासाचा नसेल तर

काही मुलांना वरचं काहीही लागू होत नाही. ती मेसला येईनाशी होतात, आंघोळ टाळतात, घरचा फोन उचलत नाहीत. विचारलं तर ‘बरं चाललंय’ म्हणतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाच्या 2024 च्या अहवालात एक ऑनलाइन पाहणी आहे. तीत एमबीबीएसच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त विद्यार्थ्यांनी मानसिक आजाराचा त्रास असल्याचं नोंदवलं होतं. डॉक्टर होऊ घातलेल्या मुलाला हा आजार आहे असं म्हणायला सगळ्यात जड जातं. कॉलेजात मानसोपचार विभाग असतो, पण तिथे ओळखीचं कुणी भेटेल म्हणून मुलं जात नाहीत. अशांसाठी 14416 हा टेली-मानसचा नंबर आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही. शेजारच्या खोलीतल्या मुलाचं दार बंद असेल तर ते वाजवायचं, त्याला वाईट वाटेल याचा विचार करत बसायचं नाही.

पालकांना एक विनंती. ‘किती पडले?’ हा प्रश्न निकालाच्या दिवसासाठी राखून ठेवा. रोजच्या फोनवर आज काय शिकलास ते विचारा आणि त्याला सांगू द्या. कळलं नाही तरी ऐका. दुसऱ्या मुद्द्यातला सराव तेवढाच होतो.

९. व्हायवाच्या टेबलावर

बाहेरगावचा परीक्षक तुम्हाला पाडायला आलेला नसतो. सकाळपासून पन्नासाव्या मुलाला तोच प्रश्न विचारून तो कंटाळलेला असतो. येत नसेल तर लगेच ‘सर, हे नाही येत’ म्हणा, तो दुसरं विचारतो. पंख्याकडे बघत घालवलेल्या वेळात तीन सोपे प्रश्न झाले असते. येतं त्याची सुरुवात व्याख्येने करा, मग वर्गीकरण. तेवढ्यात पुढचं आठवतं. कागद-पेन्सिल समोर असेल तर आकृती काढत बोला. आणि ॲनाटॉमीला हाड हातात घेतलं की तोंड उघडण्याआधी ते उजवं की डावं एवढं बघून घ्या. पहिला प्रश्न बहुतेक वेळा तोच असतो.